सीटीसीची वारी

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. २०२४ चा एप्रिल संपत आला होता. पेढ्यांचं बोलून झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "तुझ्या भाच्याला गेमिंग पीसी हवाय. तू इंजिनिअर आहेस ना, तूच समजाव आता." कोणाला समजवायचं, मुलाला की दाजींना, हे काही तिनं सांगितलं नाही.

दाजींचं म्हणणं होतं की लॅपटॉप घ्यावा, पुढे कॉलेजात उपयोगी पडेल. भाचेरावांचं म्हणणं होतं की तेवढ्याच पैशांत येणारा लॅपटॉप गेमसाठी लंगडा असतो, तापतो, आणि पुढेमागे त्यात रॅम आणि डिस्क सोडली तर काही बदलता येत नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. पण मुलगा इंटरची दोन वर्षं घरी राहूनच करणार होता, म्हणून मी भाच्याच्या बाजूनं कौल दिला.

पैसे होते साठ हजार. त्यातले निम्म्याहून जास्त त्याच्या मुंजीतल्या आहेराचे. आमच्या आईनं ते तेव्हाच पोस्टात टाकून ठेवले होते. बाकीचे ताईच्या भिशीचे. दाजींनी परवानगी दिली ती एका अटीवर. हे एकदाच. इंटर संपेपर्यंत कॉम्प्युटरच्या नावानं पुन्हा एक रुपयाही मागायचा नाही.

"एकदाच" हा शब्द ऐकला आणि मला आमचा पेंटियम आठवला.

२००४ साली मीही असाच दहावी झालो होतो. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून अठ्ठावीस हजारांचा असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. ओळखीतल्या एका गृहस्थांनी तो जुळवून दिला होता. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि टेबलाची निम्मी जागा खाणारा पंधरा इंची मॉनिटर. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि संध्याकाळी बडीचावडीतले निम्मे शेजारी बघून गेले. मला त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' खेळायचा होता. मित्राकडून सीडी आणली, पण गेम सुरूच होईना. ग्राफिक्स कार्ड लागेल, असं समजलं. मग वर्षभर पैसे साठवले. तीन हजार जमले तेव्हा २००५ च्या उन्हाळ्यात मी आणि बाबा कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोनं सिकंदराबादला गेलो, सीटीसीला.

दुकानातल्या पोरानं स्क्रू काढले, झाकण सरकवलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "इस में एजीपीच नहीं है, साब."

त्या काळी ग्राफिक्स कार्ड एजीपी नावाच्या एका खास खाचेत बसायचं. इंटेलच्या ८४५ चिपसेटचे बरेच प्रकार बाजारात होते. ८४५ जी असेल तर मदरबोर्डवर ती खाच देता यायची. ८४५ जीव्ही हा त्याचाच स्वस्त भाऊ, त्यात ती सोयच नव्हती. साध्या पीसीआय खाचेत बसणारी कार्डं असायची, पण ती हळू, आणि त्या दिवशी त्या दुकानात नव्हतीच. आमच्या बिलावर 'जीव्ही' ही अक्षरं स्वच्छ लिहिलेली होती. म्हणजे कोणी फसवलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं, कारण काय विचारायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं.

बाबांनी कॅबिनेट पुन्हा चादरीत गुंडाळलं. परतीच्या ऑटोत ते मांडीवर धरून बसले होते. घर येईपर्यंत काही बोलले नाहीत. माझे तीन हजार पुढे एमसेटच्या क्लासला गेले, त्यामुळे मी इंजिनिअर झालो असं आई अजून सांगते.

तर भाच्याच्या पीसीसाठी शनिवारी सीटीसीला जायचं ठरलं, तेव्हा बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मीही येतो." त्यांचं वय आता बहात्तर, गुडघे कुरकुरतात, आणि बाहेर मे महिन्यातलं हैदराबादचं ऊन. आईनं विरोध करून पाहिला. बाबांनी टोपी शोधायला सुरुवात केली होती.

आदल्या रात्री मी आणि भाचा यादी करायला बसलो. आधीच कबूल करतो, मी सॉफ्टवेअरवाला. कंपनी लॅपटॉप देते, बिघडला की बदलून देते. कॅबिनेट उघडून मला दहा-बारा वर्षं झाली असतील. भाच्यानं मात्र व्हिडिओ बघून बघून सगळी नावं पाठ केली होती, अथर्वशीर्षापेक्षा पक्की. त्याला कमी पडत होती ती एकच गोष्ट, बेरीज. त्याच्या पहिल्या यादीची बेरीज ९४,००० झाली.

बाबांनी विचारलं, "यात महत्त्वाचं काय असतं?" मी त्यांना पंगतीचं उदाहरण दिलं. प्रोसेसर हा आचारी, ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढपी. आचारी कितीही सुगरण असला आणि वाढपी एकच म्हातारा असला, तर पंगत ताटकळत बसते. उलट दहा वाढपी आणि चुलीवर एकच कढई, तरी तेच. गेमच्या पंगतीत वाढप्यांचं काम जास्त, म्हणून तिथे पैसे जास्त. साधारण हिशेब असा की सीपीयूला जेवढे द्याल त्याच्या दीडपट-दुप्पट कार्डाला द्यावेत. भाच्याच्या पहिल्या यादीत मोठा भव्य आचारी होता आणि वाढायला कोणी नव्हतं.

"आणि चूल?" बाबा म्हणाले. चूल म्हणजे एसएमपीएस, विजेचा डबा. त्याचं नाव यादीत सगळ्यात खाली, जवळजवळ पुसट लिहिलेलं होतं.

शनिवारी सकाळी दहाला सुलतान बाजारच्या मेट्रो स्टेशनात चढलो. या भागातून मेट्रो नेण्याला इथल्या व्यापाऱ्यांनी खूप विरोध केला होता, आणि वर चढलं की त्याचं कारण दिसतं. गाडी जुन्या इमारतींच्या अगदी कुशीतून जाते. गच्च्यांवर वाळत घातलेल्या साड्या, जुने लाकडी सज्जे, दुकानांच्या पाट्यांची मागची बाजू. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी वस्तीला मी उभा जन्म खालून पाहिलं होतं, वरून पाहायला २०२० साल उजाडावं लागलं. बाबा खिडकीतून विवेकवर्धिनी कुठे दिसते का शोधत होते. भाचा फोनवर आदल्या रात्रीचे भाव पुन्हा तपासत होता. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, मुशीराबाद, गांधी हॉस्पिटल करत गाडी जेबीएस परेड ग्राउंडला पोचली. तिथून जोडपुलावरून निळ्या लाइनवर, आणि एका स्टेशनात पॅराडाइज. २००५ साली ऑटोत धक्के खात, कॅबिनेट सांभाळत गेलो होतो, तेच अंतर आता थंडगार हवेत उभ्या उभ्या पार पडलं.

सिकंदराबाद ही मुळात इंग्रजांची छावणी. १८०६ साली तिला तिसऱ्या निजामाचं, सिकंदर जाह यांचं नाव मिळालं. आम्ही कोटी-काचीगुड्याकडची माणसं अजूनही 'सिकंदराबादला जाऊन येतो' असं परगावी निघाल्यासारखं म्हणतो. तिथे पार्क लेनवर चेनॉय ट्रेड सेंटर ही इमारत आहे. पण हैदराबादी माणूस सीटीसी म्हणतो तेव्हा त्याला ही एकच इमारत अभिप्रेत नसते. आजूबाजूच्या गल्ल्या, बोळ, जिन्याखालची दुकानं, प्रिंटरचं काट्रिज भरून देणारे, लॅपटॉपचा तुटलेला बिजागर बसवून देणारे, सगळं मिळून सीटीसी. सुट्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी कोटीची गुजराती गल्ली, तसं कॉम्प्युटरसाठी हे.

मला वाटलं होतं ऑनलाइन खरेदीनं बाजार ओस पडला असेल. तसं झालेलं नाही, पण रूप पालटलं आहे. जिथे पूर्वी सीडींचे ढीग असायचे तिथे आता सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची दुकानं झालीत. जिने मात्र तेच. डोक्यावर तीन-तीन मॉनिटरची खोकी घेऊन पोरं धावताना "साइड, साइड" ओरडतात. थर्मोकोलचे तुकडे पायाखाली करकरतात. दुकानं इतकी चिंचोळी की दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये फक्त काउंटरची काच आणि मागे छतापर्यंत खोकीच खोकी. भाव कोणी लिहून लावत नाही. विचारलं की मालक फोन उचलतो, कोणाला तरी "छप्पन्न सौ है क्या?" असं काहीतरी विचारतो, आणि मग आकडा सांगतो. पाच मिनिटांत तो भाग शेजारच्या दुकानातून येतो. इथे एकाच्या दुकानात सगळं नसतं, पण सगळ्यांच्या मिळून सगळं असतं.

पहिल्या दुकानात शिरलो. "क्या होना, साब?" भाच्यानं बजेट सांगून टाकलं. ही पहिली चूक, बजेट कधी आधी सांगू नये. पोरानं लगेच पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, "आय-सेव्हन, सोला जीबी रॅम, आरटीएक्स, आरजीबी कॅबिनेट, मॉनिटर, सब मिला के पंचावन." भाच्याचे डोळे चमकले. साठातले पाच हजार वाचत होते, आणि वर आय-सेव्हन.

मी विचारलं, "आय-सेव्हन कितव्या जनरेशनचा?"

"फोर्थ जन, साब." अगदी सहज, न लाजता.

चौथ्या पिढीचा आय-सेव्हन म्हणजे २०१३ चा माल. त्याला चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ चा आय-थ्री, १२१००एफ, यालाही तेवढेच, आणि तो त्या म्हाताऱ्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय जुन्या बोर्डाला रॅमही जुनी, डीडीआर थ्री, म्हणजे पुढे काही वाढवायचं तर सगळंच फेकावं लागणार. नावातला 'सात' हा आकडा दिसतो, त्याच्या मागचा 'चार' विचारावा लागतो. कॅबिनेट आणि एसएमपीएस एकत्र साडेतीन हजारांत होते. त्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं होतं, पण कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं, आणि हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "विचारलं की सांगतात की." मी हो म्हटलं. पुढे दोघंही त्यावर काही बोललो नाही.

तिसऱ्या दुकानात बसलो. बसलो म्हणजे बाबांना प्लास्टिकचं स्टूल मिळालं, आम्ही उभे. मालक पन्नाशीचा, शांत, चष्मा कपाळावर. यादी वाचून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कौन से गेमां खेलते?" मला तिथेच तो आवडला. व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, आणि स्वप्न म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन टू. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो जुन्या मशीनवरही पळतो. खरी परीक्षा तिसऱ्याची.

प्रोसेसर लवकर ठरला. १२१००एफ घेतला तर तीन-चार हजार वाचत होते, पण आम्ही रायझन फाइव्ह ५६०० घेतला, सहा कोअर, बारा थ्रेड, साडेअकरा हजार. सोबत पंखा खोक्यातच येतो. माझं मत त्याच्याकडे झुकलं ते बोर्डामुळे. २०१७ सालच्या पहिल्या रायझनपासून एएमडीनं एएम फोर हे एकच सॉकेट चालवलं. आज घेतलेल्या बी ४५० बोर्डावर उद्या ५७००एक्स थ्रीडीसारखा तगडा प्रोसेसर बसवता येतो, फक्त बायोस नवा असावा लागतो. 'एकदाच'च्या अटीत, इंटरनंतरची वाट उघडी राहणं मला मोलाचं वाटलं. बी ५५० बोर्ड अधिक चांगला, पण अडीच हजार जास्त. सोडून दिला. बोर्ड ६,२०० चा.

रॅम सोळा जीबी. एक पट्टी सोळाची आणि दोन पट्ट्या आठ-आठच्या, किंमत जवळपास सारखी. पण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात, गेममध्ये फरक पडतो. "दोन." ३,६००. एसएसडी ५०० जीबी, ३,२००. एकेक गेम हल्ली शंभर-दीडशे जीबी खातो, तेव्हा हे कमी आहे हे कळत होतं. पण गेम काढून दुसरा टाकता येतो. कार्ड काढून दुसरं टाकता येत नाही.

आणि मग कार्डावर गाडी अडली.

भाच्याला आरटीएक्स हवं होतं. का, तर मित्रांकडे आहे, आणि खोक्यावर हिरव्या रंगात लिहिलेलं असतं. मालकानं आरटीएक्स ३०५० काढून ठेवलं, साडेसोळा हजार. शेजारी आरएक्स ६६००, साडेवीस हजार. "मामा, हे चार हजारांनी स्वस्त पण आहे," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. चार हजार वाचले की काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट येत होतं.

मी खोकं हातात घेतलं. कोपऱ्यात लहान अक्षरांत '६ जीबी'.

एनव्हिडियाचं ३०५० हे कार्ड २०२२ च्या जानेवारीत आलं तेव्हा आठ जीबीचं होतं. २०२४ च्या सुरुवातीला त्याच नावाचं सहा जीबीचं कार्ड आलं. वाचणाऱ्याला वाटतं फक्त मेमरी दोन जीबीनं कमी. तसं नाही. आकडेमोड करणारे कोअर २५६० चे २३०४ झालेत, मेमरीचा रस्ता १२८ बिटांवरून ९६ वर आलाय. नाव तेच, आतला माणूस वेगळा. हे कार्ड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ते सत्तर वॅटवर चालतं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, एखाद्या जुन्या ऑफिसच्या मशीनला नवसंजीवनी द्यायला छान आहे. पण इथे ६६०० त्याच्यापेक्षा बरंच पुढे होतं, आठ जीबीसकट. रे ट्रेसिंगमध्ये आणि ब्लेंडरसारख्या कामांत एनव्हिडियाची बाजू वरचढ, हेही खरं. मुलगा थ्रीडी ॲनिमेशन शिकणार असता तर मी वेगळा विचार केला असता. त्याला घोडा पळवायचा होता.

मी हे सगळं त्याला समजावत होतो आणि तो ऐकत नव्हता. सोळा वर्षांच्या मुलाला मित्रांत काय सांगायचं हा प्रश्न ९६ बिटांपेक्षा मोठा असतो, मला ते आठवतं. मी आवाज चढवणार, तेवढ्यात बाबांनी स्टुलावरून हात पुढे केला आणि ते खोकं मागितलं. चष्मा लावून त्यांनी कोपऱ्यातली अक्षरं वाचली. मग भाच्याला जवळ बोलावून, अगदी हळू आवाजात, चादरीत गुंडाळलेल्या कॅबिनेटची गोष्ट सांगितली. मला वाटायचं त्यांना ती आठवत नसेल. त्यांना जीव्ही ही अक्षरं आठवत होती. ऑटोचं भाडं आठवत होतं. "तुझ्या मामाचं तोंड त्या दिवशी एवढंसं झालं होतं," ते म्हणाले, "आणि मला काय बोलावं कळेना."

वीस वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी ते माझ्यावर चिडले होते.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "६६०० घेऊ."

पुढचं भराभर झालं. वापरलेलं कार्ड सात हजारांत मिळेल असं शेजारच्या गिऱ्हाइकानं सुचवलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, त्यातलं हे एखादं असायची शक्यता दाट. नको म्हटलं. एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, ४,०००. या डब्याचा फोटो कोणी मित्रांना पाठवत नाही, पण तो दगा देतो तेव्हा एकटा जात नाही. कॅबिनेट साधं, काळं, पुढे जाळी असलेलं, २,७००. दिवे नाहीत. हैदराबादच्या उन्हाळ्यात काचेपेक्षा जाळी बरी. मॉनिटर २४ इंची, १०० हर्ट्झ, ८,८००. कीबोर्ड-माउस माझे जुने. विंडोजच्या लायसन्सचे पैसे मी वेगळे दिले, तो शेवटी आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

बेरीज साठ हजार पाचशे. बाबांनी सवयीनं पाचशे कमी करवले. "चाचा, मार्जिनच नहीं है," असं म्हणत मालकानं केले.

बिल पक्कं, जीएसटीसह, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घेतला. कच्च्या बिलावर थोडं स्वस्त मिळतं, पण प्रोसेसर आणि कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी असते, ती कशाच्या जोरावर मागणार?

जोडणी तिथेच करून घेतली. घरी स्वतः जोडण्यात मजा आहे हे खरं, पण एखादा भाग मुळातच बिघडलेला निघाला तर तो काउंटरवर कळलेला बरा. मदरबोर्डाचं खोकं उघडलं तेव्हा बाबा उठून काउंटरशी आले. "कार्ड कुठे बसतं? दाखवा."

मालकानं बोट ठेवलं. लांब, धातूची कड असलेली पीसीआय एक्स्प्रेसची खाच. बाबांनी वाकून ती नीट पाहिली. मग स्टुलावर जाऊन बसले.

जोडणी चालू असताना आम्ही खाली जाऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं खाल्ली. तिथे बाबांनी विचारलं, "आणि लाइट गेली तर?" मी आणि भाचा एकमेकांकडे बघत राहिलो. युपीएस यादीतच नव्हता. बीई झालेला मामा, शंभर व्हिडिओ पाहिलेला भाचा, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात ताईच्या कॉलनीतली वीज दिवसातून दोनदा जाते. ६०० व्हीएचा युपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. आमचं मशीन ऐन गेममध्ये मॉनिटरसकट तीनशेच्या आसपास जाणार. म्हणजे काठावर. एक केव्हीएचा घेतला. पैसे बाबांनी पेन्शनमधून दिले. दाजींची अट मुलाला होती, आजोबांना नव्हती.

परत जाताना मेट्रोचा विचार सोडून कॅब केली. या वेळी कॅबिनेट भाच्याच्या मांडीवर होतं.

घरी टेबल आधीच आवरलेलं. ताईनं हळदकुंकवाचं ताट तयार ठेवलं होतं, दाजी पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. भाच्यानं केबली जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. दुकानात तर चालू झालं होतं! दाजींनी पेपर खाली ठेवला. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी रॅम नीट बसली आहे का पाहिलं, कार्डाची वीजजोडणी पाहिली. घाम फुटला. मग मागे वाकलो तर भाचेरावांनी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसली होती. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डावरची ती जागा केवळ शोभेची. केबल काढून खालच्या कार्डात लावली आणि पडदा उजळला. ही चूक पहिल्या पीसीच्या वेळी निम्मी पोरं करतात, आणि चाळिशीकडे झुकलेले मामाही ती शोधायला दहा मिनिटं घेतात.

आणखी दोन गोष्टी केल्या. रॅम ३२०० ची असूनही २६६६ वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावर ठिकाणावर आली. मॉनिटरही १०० ऐवजी ६० हर्ट्झवर होता, तो विंडोजच्या सेटिंगमध्ये बदलावा लागला. पैसे दिलेलं सगळं आपोआप मिळतं असं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी बिल मागितलं. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या बिलाची त्यांची एक फाइल आहे, मिक्सरपासून कूलरपर्यंत. ती ते येताना पिशवीतून घेऊन आले होते. नवं बिल लावण्यासाठी त्यांनी ती उघडली आणि भाच्यानं आतला एक पिवळा कागद ओढून काढला. २००४ चं बिल. कार्बनची अक्षरं फिकी झाली होती.

"आजोबा, २५६ एमबी?" तो हसायला लागला. "एमबी? मामा, तू यावर खेळायचास तरी काय?"

मी काही म्हणायच्या आत बाबा पंच मशीन शोधत म्हणाले, "पत्ते. सॉलिटेअर. चार वर्षं."